छातीतली जागल

धान निसवायला लागलं की आमच्या झाडीपट्टीत जागल सुरू होते. बांधीच्या कडेला चार खांबांची मचाण उभी राहते. वर तणसाचा थर, त्यावर घोंगडी, खाली रात्रभर धुमसणारं लाकडाचं खोड. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धी बांधी लोळवून टाकतो, म्हणून माणूस डोळे उघडे ठेवून बसतो. मधूनमधून टिनाचा डबा बडवतो, हाळी देतो. पलीकडच्या मचाणीवरून हाळीला उत्तर आलं की जिवाला बरं वाटतं. धान घरी आलं की मचाण मोडतात आणि माणूस आपल्या खाटेवर येऊन झोपतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामाजींची जागल मात्र मोडली नाही. तीन वर्षांपूर्वी कार्तिकात त्यांना हार्ट अटॅक आला. नागपूरला स्टेंट टाकला, ते घरी आले, धान घरी आलं, मचाण मोडली, तरी मामाजी रात्रभर जागेच. खाटेवर भिंतीला पाठ टेकून, उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून ते ठोके मोजत बसत. ठोका चुकल्यासारखा वाटला की मामीला उठवत. मामी तरी कुठे झोपलेली असायची? ती पाठ करून पडायची आणि त्यांचे श्वास मोजायची. "बाबू, तुझे मामाजी जिते आहेत, पन घरी आलेच नाई," असं ती मला फोनवर म्हणाली.

हृदयविकाराबद्दल आपण पुष्कळ वाचतो. कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब, चालणं, तेल कमी. पण झटक्यातून वाचलेला माणूस घरी परत का येत नाही, याबद्दल फार कमी बोलतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तर हा प्रश्न आणखी खोल आहे. इथल्या कित्येक माणसांनी हृदय दगा देण्याच्या कितीतरी आधी मरण एकदा जवळून पाहिलेलं असतं.

ती रात्र आणि ती पहाट

मामाजींना दुखायला लागलं तेव्हा ते मचाणीवरच होते. रात्रीचे अकरा वाजले असतील. छातीवर धानाचं पोतं ठेवल्यासारखं झालं, अंगाला घाम सुटला, डावा हात जड पडला. हाळी द्यायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. पलीकडच्या बांधीतला शेजारी डबा बडवून वाट पाहत होता. इकडून उत्तर आलं नाही म्हणून तो बॅटरी घेऊन बघायला आला. मामाजी वाचले ते या जुन्या रिवाजामुळे.

दोघांनी त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेत घालून नागपूरला पाठवलं. नागभीड, भिवापूर, उमरेड असा तो शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचा रस्ता, आणि त्यातला मोठा भाग जंगलाच्या कडेकडेनं. हात-पाय पट्ट्यांनी बांधलेले, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. खिडकीच्या वरच्या पट्टीतून दिव्याच्या उजेडात फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. पुढे कधीही त्या रात्रीचा विषय निघाला की मामाजी एवढंच म्हणत, "झाडं पळत होते जी. नुसते झाडं पळत होते."

या वाक्याचा दुसरा अर्थ मला फार उशिरा कळला. वीसेक वर्षांपूर्वी एका चैत्रात ते आणि त्यांचा जिवाचा मित्र पहाटे मोह वेचायला गेले होते. मोहाखाली माणूस वाकून बसतो, नजर जमिनीवर असते. वाघ मागून आला. मामाजींनी मित्राचा अर्धा शब्द ऐकला, मान वळवली आणि ते पळाले. गावापर्यंत पळत आले, माणसं गोळा केली, परत गेले, तोवर सगळं संपलं होतं. त्या पळण्याबद्दल त्यांना कुणी दोष दिला नाही. त्यांनी स्वतःला दिला. पण तो त्यांनी गिळून टाकला, शेती केली, मुलींची लग्नं केली. त्या मित्राचं नाव घरात कधी निघालं नाही. त्या पहाटेही झाडं पळत होती.

नागपूरहून आल्यावर चार महिन्यांत त्यांना तीन वेळा धावपळ करून दवाखान्यात न्यावं लागलं. तिन्ही वेळा पट्टी चांगली आली. एका डॉक्टरांनी सांगितलं, गॅस आहे. दुसऱ्यांनी सांगितलं, टेन्शन घेऊ नका. गावात कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं. त्यांना भीती वाटते का, आणि कशाची, हे मात्र कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा विचारलं नाही.

आठवणीला तारीख लागत नाही

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात पीटीएसडी. मराठीत आघातोत्तर ताण म्हणू. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत हे नाव १९८० साली आलं, मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे. त्याची लक्षणं चार गटांत मांडतात. घडलेली गोष्ट न बोलावता पुन्हा पुन्हा समोर येते, स्वप्नात किंवा जागेपणी. तिची आठवण करून देणारी जागा, माणूस, वस्तू माणूस टाळतो. मन आंबून जातं, आपलं कुणी नाही किंवा सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटत राहतं. आणि शरीर सतत सावध राहतं: झोप उडते, जरा आवाज झाला की दचकायला होतं. हे महिनाभरापेक्षा जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्याच्या आड आलं, तर तो आजार समजावा.

साधी आठवण आणि ही आठवण यांत फरक आहे. लग्नाची, परीक्षेची आठवण येते तेव्हा ती जुनी आहे हे आपल्याला कळतं. मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग प्रसंगाला स्थळ-काळाचं लेबल लावून ठेवतो. जिवावर बेतलेल्या क्षणी मात्र भीतीचा इशारा देणारा अमिग्डाला इतक्या जोरात घंटा वाजवतो की ते लेबल नीट चिकटतच नाही. वास, आवाज, पळणारी झाडं असे सुटे तुकडे तेवढे कोरले जातात. त्यातला एक तुकडा समोर आला की शरीराला तो प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटतं. मग वीस वर्षांपूर्वीची पहाट आणि कार्तिकातली ती रात्र एकमेकींत मिसळून जातात.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर असं किती जणांना होतं? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले संशोधक डोनाल्ड एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली २४ अभ्यासांमधल्या २,३८३ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. सुमारे १२ टक्के रुग्णांमध्ये आघातोत्तर ताणाची ठळक लक्षणं होती, म्हणजे आठांमागे एक. अशा रुग्णांना पुन्हा झटका येण्याचा किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसला. म्हणजे भीती हृदयाच्या दुखण्याची नुसती सावली नाही, ती पुढच्या दुखण्याचं कारणही होऊ शकते. हा ताण कुणाला जास्त सतावतो, हे शोधताना एक गोष्ट वारंवार समोर आली आहे: ज्याच्या आयुष्यात आधीच एखादा मोठा आघात होऊन गेलाय, त्याला.

रानातला वाघ आणि छातीतला वाघ

याच एडमंडसन यांनी मांडलेला एक विचार मला मामाजींच्या खाटेजवळ बसून नीट समजला. युद्ध, अपघात, हल्ला यांत संकट बाहेर असतं आणि ते होऊन गेलेलं असतं. जंगलातली ती वाट सोडता येते, मोहाचं ते झाड टाळता येतं. हृदयविकारात संकट शरीराच्या आत असतं आणि ते पुढे कधीही येऊ शकतं. छाती टाळून माणूस जाणार कुठे? जिना चढला, ठोके वाढले, की शरीर म्हणतं, आलं. जेवण जड झालं, छातीत जळजळलं, की शरीर म्हणतं, आलं. रोजच्या जगण्यातला प्रत्येक ठोका हा इशारा होऊन बसतो.

मग माणूस जे टाळता येईल ते टाळतो. चालणं टाळतो, कारण चालल्यावर धडधड होते. खरं तर झटक्यानंतर बेताचं, ठरवून दिलेलं चालणं हे औषधच असतं. आणि गोळ्या टाळतो. हे मला आधी पटलं नव्हतं. मरणाला भिणारा माणूस औषध का सोडेल? पण मामीनं डबी दाखवली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची पाकिटं आठवडा-आठवडा तशीच पडून होती. "गोरी हातात घेतली का ते रात येते समोर," मामाजी म्हणाले. गोळी म्हणजे त्यांच्यासाठी त्या रात्रीची दररोज येणारी नोटीस होती. जगभरातल्या अभ्यासांनीही हेच दाखवलंय की ज्यांना झटक्यानंतर असा ताण असतो, त्यांच्या गोळ्या चुकतात. आणि स्टेंट टाकल्यावर पहिल्या वर्षात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो.

शिवाय शरीराचं स्वतःचं गणित आहेच. भीतीत ॲड्रेनॅलीन उसळतं, ठोके आणि रक्तदाब वाढतात, रक्तातल्या बिंबिका चिकट होतात. वाघ समोर असताना हे सगळं उपयोगाचं, पळता येतं, जखम झाली तर रक्त लवकर थांबतं. रात्रंदिवस, महिनोन्‌महिने हेच चाललं तर जखमी हृदयावर रोज ओझं पडत राहतं.

हे नातं माणसाला फार पूर्वी दिसलं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांना तपासताना जेकब मेंडेस डा कोस्टा या डॉक्टरांना छातीत दुखणारे, धाप लागणारे, ठोके धावणारे तरुण सापडले. हृदयात दोष दिसत नव्हता. १८७१ मध्ये त्यांनी या तक्रारींवर लेख लिहिला आणि पुढे लोक याला 'सैनिकाचं हृदय' म्हणू लागले. २०१३ साली व्हिएतनाम काळातल्या जुळ्या भावांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २८१ जोड्यांवर सुमारे तेरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांना आघातोत्तर ताण होता त्यांच्यातल्या २२.६ टक्के पुरुषांना हृदयविकार जडला, ज्यांना नव्हता त्यांच्यात ८.९ टक्क्यांना. जुळ्या भावांत घर एक, बालपण एक, रक्तही एक. म्हणून या आकड्यांना वजन आहे. जुनी भीती हृदयाला आजारी पाडू शकते आणि आजारी हृदय जुनी भीती जागी करतं. असं हे दोन्हीकडून फिरणारं जातं आहे.

या मातीतली भीती

आता हे जातं आपल्या दोन जिल्ह्यांत आणून ठेवून पाहा.

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे, पण वाघ प्रकल्पाच्या रेषेत राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागात शेत, गाव आणि वाघाची वाट एकमेकांत गुंतलेली आहेत. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात सीटी-१ हा वाघ पकडला, तोवर त्याच्या नावावर १३ माणसांचे बळी लागले होते. बातमीत बळींचा आकडा येतो, मदतीची रक्कम येते. त्या दिवशी सोबत असलेल्या, पळालेल्या, झाडावर चढून सगळं पाहिलेल्या माणसांची मोजणी कुठल्याही रजिस्टरात होत नाही. हीच माणसं पुढे पन्नाशीत, साठीत छातीला हात लावून दवाखान्यात येतात.

गडचिरोलीची भीती वेगळ्या रंगाची. १९८० च्या आसपास नक्षल चळवळ या जंगलात आली आणि पुढची चार दशकं दोन बंदुकांच्या मधे गावं सापडली. २००९ च्या ऑक्टोबरात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया भागातल्या चकमकीत मारल्या गेलेल्या माओवाद्यांतही इथल्याच गावांतली पोरं-पोरी होत्या. खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेलेल्या माणसांच्या बायका-मुलांनी दार वाजण्याचा आवाज ऐकलेला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात माओवादी नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. ही फार मोठी आणि चांगली गोष्ट झाली. पण दार वाजलं की दचकणारं शरीर त्याच दिवशी शांत होत नाही. त्याला वेळ लागतो आणि मदत लागते.

आणि हृदयाचे, रक्तवाहिन्यांचे आजार म्हणजे शहरी माणसांचे, हा समजही या जिल्ह्यानंच खोटा ठरवला आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, सातांमागे एक मृत्यू. वाढलेला रक्तदाब, खर्रा, तंबाखू, दारू खेड्यापाड्यांत पोचलेले आहेत. दारूबंदी गडचिरोलीत १९९३ पासून आहे, तरी मोहाची उतरते. पुष्कळ जण ती चवीसाठी घेत नाहीत. रात्र काढायला घेतात. मामाजींचा सुटलेला खर्रा झटक्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाला तोही रात्रीच.

त्यात अंतर. भामरागडहून जिल्ह्याचं गाव पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून नागपूर तितकंच पुढे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. झटका आल्यावर एक-दोन तासांत रक्तवाहिनी उघडावी, असं शास्त्र सांगतं. इथला माणूस तेवढा वेळ अंधारात, खड्ड्यांतून, आपण पोचू की नाही या एकाच विचारात काढतो. गर्दीनं भरलेल्या आपत्कालीन कक्षात उपचार झालेल्या रुग्णांमध्येसुद्धा पुढे ताणाची लक्षणं जास्त आढळल्याचं अमेरिकेत दिसून आलंय. आमच्या रस्त्यांचा असा हिशेब मांडायला घेतला तर काय निघेल, याचा विचार व्हायला हवा.

एका डॉक्टरचा हृदयरोग

गडचिरोली आणि हृदयविकार हे दोन शब्द जवळ आले की मराठी वाचकाला एक पुस्तक आठवतंच. १९८६ पासून या जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांच्यासोबत काम करणारे डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकारानं गाठलं. त्या अनुभवावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. आहार, चालणं, योग, ध्यान हे सगळं त्यात आहे. पण माझ्या मते त्याची खरी ताकद दुसरीकडे आहे. एक कर्ता, नावाजलेला डॉक्टर मरणाच्या भीतीबद्दल उघडपणे, लाज न बाळगता बोलला. कित्येक घरांत रुग्णाच्या उशाशी ते पुस्तक असायचं, कारण आपल्या मनातलं कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय हा आधार मोठा असतो.

आघातानंतर काही माणसं पूर्वीपेक्षा खोल, समंजस होतात, याचा अभ्यास टेडेस्ची आणि कॅलहून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केला आणि त्याला आघातानंतरची वाढ असं नाव दिलं. साक्षात्कार हा आपल्याकडचा शब्द त्याहून जुना आणि नेमका आहे. मात्र झटक्यातून उठलेल्या प्रत्येकाकडून आपण साक्षात्काराची अपेक्षा धरली, तर तो अन्याय होईल. डॉ. बंग यांच्याकडे वैद्यकीय ज्ञान होतं, गांधी-विनोबांचा वारसा होता, डॉक्टर पत्नीची सोबत होती आणि लिहिण्याची भाषा होती. मामाजींकडे एक मचाण होती आणि एक न बोललेली गोष्ट.

तरीही त्या पुस्तकातून एक गोष्ट सगळ्यांना घेता येते. भीती सांगितल्यावर तिला आकार येतो, आणि आकार आला की तिच्याशी काही करता येतं.

हाळीला उत्तर

या आजारावर उपचार आहे, हे सगळ्यात आधी सांगायला हवं. आघातावर केंद्रित असलेली बोलण्याची उपचारपद्धती यात सर्वांत परिणामकारक मानली जाते. प्रशिक्षित समुपदेशक रुग्णाला सुरक्षित जागी, त्याच्या गतीनं, घडलेली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावतो. टाळलेल्या जागांकडे थोडं थोडं जायला शिकवतो. काहींना औषधांचीही गरज पडते. ती मानसोपचारतज्ज्ञानं, हृदयाची औषधं पाहूनच द्यायची असतात. पण सगळ्यांना सरसकट एकदाच बसवून बोललं की भागतं, असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये झटका आलेल्या रुग्णांना दवाखान्यातच आघाताबद्दल एकदा समुपदेशन करून पाहिलं. त्यानं पुढचा ताण टळला नाही. एकदा बोलून निघून जाणारा माणूस पुरत नाही, सोबत टिकावी लागते.

चालणं-फिरणं परत सुरू करून देणारी व्यवस्थाही लागते. भारतातल्या २४ रुग्णालयांतल्या ३,९५९ हृदयरुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. मृत्यू किंवा पुढचे झटके तिनं ठळकपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण रुग्णांना स्वतःची प्रकृती बरी वाटू लागली आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. मामीच्या शब्दांत सांगायचं तर, ते घरी आले. माझ्या लेखी ही लहान गोष्ट नाही.

पण हे करणार कोण? दोन्ही जिल्ह्यांत मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. इथे मला गडचिरोलीनं जगाला दिलेला धडा आठवतो. डॉ. बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू कसे घटतात ते १९९९ साली 'लॅन्सेट'मधून जगाला दाखवलं.  पुढे आशाताईंच्या कामात घरोघरी जाऊन बाळ तपासणं आलं ते याच वाटेनं. मनाच्या दुखण्याबाबतही विदर्भातच एक दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच माणसांना नैराश्य ओळखायला आणि पहिला आधार द्यायला शिकवलं. त्यानंतर नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नवजात बाळाचा श्वास मोजायला शिकलेली आशाताई झटक्यातून उठलेल्या माणसाची झोप विचारायला नक्कीच शिकू शकते.

आघातोत्तर ताण चाळून पाहण्यासाठी डॉक्टर एक छोटी प्रश्नावली वापरतात. त्यातले प्रश्न घरच्या भाषेत असे होतील. गेल्या महिन्यात ती गोष्ट नको असताना आठवली का, तिची स्वप्नं पडली का? तिची आठवण होईल अशा गोष्टी मुद्दाम टाळल्या का? सतत सावध राहता का, चटकन दचकता का? माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखं वाटतं का? जे झालं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देत राहता का? पाचांतल्या तीन-चार प्रश्नांना हो आलं, तर पुढे तज्ज्ञाला दाखवायचं. यात मी आमच्या जिल्ह्यांसाठी सहावा प्रश्न जोडेन: आधीही कधी असं घाबरला होतात का, जंगलात, रस्त्यावर, घरात? स्टेंट टाकून घरी सोडताना गोळ्यांचा कागद समजावून देतात, त्याच वेळी हे सहा प्रश्न विचारायला दहा मिनिटं पुरतात. रुग्णासोबत घरातल्या माणसालाही विचारावेत. मामीची झोप मामाजींइतकीच गेली होती.

केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. चोवीस तास, पैसे न घेता, मराठीतूनही बोलता येतं. दुर्गम गावातून पहिलं पाऊल टाकायला ही चांगली वाट आहे.

आणि एक इशारा, तितक्याच जोरानं. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या छातीत पुन्हा दुखलं तर ती भीती आहे असं घरच्यांनी ठरवायचं नाही. १०८ ला फोन करायचा, पट्टी काढायची. भीतीबद्दल बोलायचं ते पट्टी चांगली आल्यावर, आणि चांगली आली म्हणून बोलणं थांबवायचं नाही.

पुलियापर्यंत

मामाजींना चौथ्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा एका समुपदेशक ताईंनी मामीला वेगळं बसवून विचारलं, "हे कशाला घाबरतात?" मामीला एकदम मोहाचं झाड आठवलं. पुढे नऊ-दहा खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मामाजींनी ती पहाट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. पाचव्या खेपेला मित्राचं नाव घेतलं. ताईंनी त्यांना एक काम दिलं: गोळी घ्यायची ती खाटेवर एकट्यानं नाही, अंगणात, मामीच्या आणि शेजाऱ्याच्या समोर. तोच शेजारी, ज्यानं हाळीला उत्तर आलं नाही म्हणून बॅटरी घेतली होती. तो रोज संध्याकाळी येऊन बसू लागला. गोळी, मग चहा, मग धानाच्या गोष्टी. पाकिटं वेळेवर रिकामी होऊ लागली. दुसरं काम होतं, फाट्याच्या रस्त्यानं रोज दहा पावलं जास्त चालायचं.

मामाजींच्या गावापासून फाटा दीड किलोमीटरवर. मधे जंगलाचा एक पट्टा रस्त्याला येऊन भिडतो आणि तिथे एक पुलिया आहे. झटक्यानंतर मामाजी त्या बाजूला फिरकले नव्हते. गेल्या दिवाळीत मी परत निघालो तर ते चपला घालून उभे. "चाल, सोडून देतो."

आम्ही हळूहळू चाललो. दोन्हीकडे कापणीला आलेलं धान होतं. पुलियाशी आल्यावर ते थांबले, कठड्यावर बसले. कपाळावर घाम होता. त्यांची दोन बोटं सवयीनं मनगटावर गेली. मी घड्याळ लावलं. त्यांनी मिनिटभर ठोके मोजले, मग हात खाली घेऊन मांडीवर ठेवला. समोर जंगलाच्या तोंडाशी एक मोह होता, पानांनी भरलेला. त्याच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"झाडं उभे आहेत जी," ते म्हणाले.

एसटीचा हॉर्न लांबून ऐकू आला. "जा तू, गाडी चुकंल," त्यांनी सांगितलं. "मी बसतो इथी थोडा वेळ."

मी फाट्यावर पोचून मागे वळून हाळी दिली. पुलियावरून उत्तर आलं.